दुभाजकाच्या पलीकडचा दवाखाना



या पानावर आम्ही रक्तदाब, साखर, बाळंतपण, क्षयरोग यांवर लिहितो. या वेळी रस्त्यावर लिहिणार आहोत. आरोग्याच्या पानावर रस्ता कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर एका रात्रीत आहे.

आमची वस्ती पुणे-सोलापूर महामार्गाला लागून आहे. वस्तीच्या तोंडाशी दुभाजकात एक कट होता. तिथून रिक्षा उजवीकडे वळली की थेट पुण्याच्या दिशेला लागायची. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी एका सकाळी क्रेन आली आणि काँक्रीटचे ठोकळे ठेवून कट बंद करून गेली. आता पुण्याकडे जायचे तर आधी सोलापूरकडे अडीच किलोमीटर जा, यू-टर्न घ्या आणि अडीच किलोमीटर परत या. म्हणजे पाच किलोमीटर चालवून रिक्षा पुन्हा वस्तीच्या समोरच येते, फक्त रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. दवाखाना पश्चिमेला, पण पेशंटला आधी पूर्वेला न्यायचे.

ती रात्र गणपतीच्या दिवसांतली. पावणेदोन वाजले होते. वस्तीतल्या एका सुनेचे दुसरे बाळंतपण होते. कळा एकदम वाढल्या आणि बाळ घरातच झाले. बाळ चांगले रडले. वारही पडली. पण रक्त थांबेना. आशाताईंनी आम्हाला उठवले. आम्ही पोटावरून गर्भाशय चोळले, बाळ छातीशी लावले, पाय उंच केले आणि 108 ला फोन लावला. जवळची गाडी सोलापूरच्या बाजूने येत होती, म्हणजे ती आली ती पलीकडच्या पट्ट्यावर. दिवा दिसत होता, सायरन ऐकू येत होता, पण मध्ये दुभाजक. पुण्याच्या बाजूचा यू-टर्नही अडीच किलोमीटर पुढे.

शेवटी काय केले? चार माणसांनी तिला चादरीत घेतले. दोन पोरे मोबाइलचे टॉर्च हलवत ट्रक थांबवायला रस्त्यात उभी राहिली. ठोकळ्यावरून तिला पलीकडे दिले. बाळ सासूच्या पदरात. रुग्णालयात तिला तीन पिशव्या रक्त चढवले आणि ती वाचली. बाळही ठीक आहे.

पण आमच्या मनात टोचत राहिले ते वेगळेच. दुभाजक ओलांडू नका म्हणून आम्ही विहारातल्या सभेत पोरांना रागावलो होतो. त्या रात्री आम्हीच, नर्स असून, सहा माणसांना महामार्गावर उतरवले. एक ट्रक न थांबता आला असता तर एका जिवासाठी आम्ही किती जीव घालवले असते?

बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव धडधाकट बाईला दोन तासांत संपवू शकतो. अर्धांगवायूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 'गोल्डन अवर' ही व्याख्याच घातली आहे. गंभीर दुखापतीनंतरचा पहिला एक तास, ज्यात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. माता-आरोग्याच्या कामात 'तीन उशीर' शिकवतात. दवाखान्यात जायचे ठरवायला होणारा उशीर, पोहोचायला होणारा उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर. पहिला उशीर आपण आशाताई आणि महिला मंडळांनी मेहनतीने कमी केला. दुसरा उशीर मात्र एका सकाळी क्रेनने आणून ठेवला.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे. आम्ही जीएनएम करून अठरा वर्षे सरकारी रुग्णालयांत काढली. त्यातली सहा अपघात विभागात. कटवर उजवीकडे वळणारा दुचाकीवाला आणि भरधाव येणारा कंटेनर यांची गाठ पडल्यावर काय उरते, ते आम्ही हातांनी उचलले आहे. चार रस्ते मिळतात अशा साध्या चौकात गाड्यांच्या वाटा 32 ठिकाणी एकमेकींना भिडतात. मधून सरळ ओलांडणे व उजवे वळण बंद करून पुढे यू-टर्न दिला, तर अशा जागा 14 वर येतात. म्हणून इंजिनिअर कट बंद करतात. त्यामागे शास्त्र आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांतली 61,038 राष्ट्रीय महामार्गांवर, आणि राष्ट्रीय महामार्ग म्हणजे देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीचा सुमारे दोन टक्के भाग. तेव्हा कट जसा होता तसा उघडा करा, अशी आमची मागणी नाही. तसे मागणारे काही कार्यकर्ते आमचे मित्र आहेत. त्यांना आम्ही सांगतो, त्या कटने आपलीच पोरे खाल्ली आहेत.

पण ते शास्त्र गाडीचे आहे. पायी चालणाऱ्याची वाट त्यात कोणी मोजली? त्याच 2022 साली मेलेल्यांत 32,825 जण पादचारी होते. आमच्या वस्तीतून पहाटे पाचला धुणी-भांड्याच्या कामाला बायका निघतात. त्यांचा बसथांबा समोर आहे. त्यांच्याकडे गाडीच नाही, तर त्या यू-टर्न कुठून घेणार? त्या साडी खोचून ठोकळा चढतात. रिक्षावाला पाच किलोमीटरचे पेट्रोल वाचवायला उलट दिशेने चालवतो. पोरे दुचाकी उलटी घालतात. म्हणजे एका जागचा धोका अडीच किलोमीटरभर पसरला. वाट बंद केली की गरज बंद होत नाही. ती चोरवाट शोधते.

यावर पादचारी पुलाचे आश्वासन मिळते. पूल हवा, पण एकटा पूल पुरत नाही. महामार्गावरून पूल न्यायचा तर खालून साडेपाच मीटर उंची सोडावी लागते. म्हणजे चढायला पस्तीस-चाळीस पायऱ्या आणि उतरायला तितक्याच. गुडघे गेलेली आजी, आठवा महिना भरलेली बाई, डायलिसिसहून परतलेला माणूस या पायऱ्या कशा चढणार? स्ट्रेचर तर नाहीच. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्याला दर खेपेला वाढीव भाडे पडते, आणि मग तो तीनचे दोनदा करतो. हे कोणत्याही अपघाताच्या आकड्यात येत नाही. पण हे मरणच आहे, हळू येणारे.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्यापासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावर पेट्रोल पंपासमोरचा कट सरळ उघडा आहे. आम्ही संबंधित कार्यालयात विचारायला गेलो. तोंडी उत्तर मिळाले, की तुमच्या वस्तीला मंजूर पोचरस्ताच नाही. तीस वर्षे लोक जा-ये करतात ती वाट कागदावर नाही, म्हणून ती बंद करताना कोणाला विचारावे लागले नाही. कट बंद करणाऱ्याने जात विचारली असे आम्ही म्हणत नाही. पण गावाच्या कडेला, नाल्याच्या काठाला, महामार्गाच्या खांद्याला कोण राहते, आणि तिथे त्यांना कोणी राहायला लावले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नकाशावर जे दिसत नाहीत त्यांचीच वाट आधी बुजते.

1929 साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना बसवून न्यायला नकार दिला. मग सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. वाट आणि वाहन नाकारले की हाड कोणाचे मोडते, हे त्यांनी अंगावर सोसले होते. आपल्या संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या शेजारीच 'रस्ते' हा शब्द आहे. पाण्याच्या हक्काची आठवण आपण दरवर्षी महाडला जाऊन ठेवतो. त्याच ओळीतला रस्ता मात्र विसरतो.

1986 साली सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध उमेद राम शर्मा या खटल्यात म्हटले, की डोंगरी भागातल्या लोकांसाठी रस्त्यापर्यंत पोहोचणे म्हणजे जीवनापर्यंत पोहोचणे, आणि तो कलम 21 च्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. या प्रकरणाची सुरुवात गरीब गावकऱ्यांनी उच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्राने झाली होती. त्यांच्यापुढे डोंगर होता, आपल्यापुढे दुभाजक आहे.

आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, बंद कटच्या जागी उघडता येणारे आपत्कालीन फाटक बसवा. चावी जवळच्या पोलीस चौकीत आणि 108 च्या गाडीत राहू द्या. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला 2019 पासून कायद्याने दहा हजार रुपये दंड आहे. मग जो दुभाजक वाट देत नाही, त्याचे काय? दुसरी, पायी, सायकल आणि स्ट्रेचर जाईल असा उजेड असलेला भुयारी मार्ग करा. तो होईपर्यंत पहाटे व संध्याकाळी पोलीस उभा करून ओलांडायची सोय करा. तिसरी, यू-टर्न जवळ आणा आणि सर्व्हिस रोड दोन्ही बाजूंनी सलग करा. चौथी, यापुढे कोणताही कट बंद करण्याआधी शेजारच्या वस्तीची सभा घ्या आणि दवाखान्यापर्यंतचे अंतर आधी किती, नंतर किती, हे कागदावर लिहा.

हे मागायचे कुठे? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा. कट बंद करण्याचा आदेश, त्या जागेच्या अपघातांची नोंद आणि रस्ता सुरक्षा तपासणीचा अहवाल. वाहतूक पोलिसांच्या आदेशाखाली बरेचदा हरकती-सूचनांची मुदत दिलेली असते. वर्तमानपत्रातली ती बारीक अक्षरे विहारात कोणीतरी दर आठवड्याला वाचावीत. अर्जासोबत आकडे जोडा. आमच्या महिला मंडळाने एका वहीत लिहायला घेतले आहे. कोणाला, कुठल्या दुखण्यासाठी, किती वाजता निघाले, किती वाजता पोहोचले. रडगाण्यापेक्षा ही वही जास्त बोलेल.

तोवर घरोघरी एवढे करा. 108 ला फोन केला की महामार्गाची आपली बाजू सांगा, 'सोलापूरकडे जाणारी' की 'पुण्याकडे जाणारी', आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगा. तो आकडा आजच दाराच्या मागे लिहून ठेवा. वस्तीच्या तोंडाशी टॉर्च घेऊन एक माणूस उभा करा. बाळंतपणाची तारीख जवळ आली की वाट पाहू नका. कळा सुरू होताच निघा, आणि जमत असेल तर दोन दिवस आधीच रुग्णालयाच्या बाजूच्या नातेवाइकांकडे जा. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी 102 ची गाडी मोफत आहे, तो क्रमांकही लिहून ठेवा.

आणि दुभाजक ओलांडू नका, हेही आम्ही पुन्हा सांगतो. आम्ही स्वतः ओलांडून आलो आहोत, म्हणूनच सांगतो. पण फक्त आपल्यालाच सांगून भागणार नाही. वाट मागण्याचे काम आपले आणि देण्याचे त्यांचे आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात अर्जावर सह्या घेणार आहोत. त्या रात्री जन्मलेले बाळ आता पाय टाकायला शिकते आहे. ते रस्त्यावर जायच्या आधी ती वाट झाली पाहिजे.