आधी विकला, मग मोजला!

परभणीच्या पोराला बर्फ म्हटलं की रसवंतीवरचा बर्फ आठवतो. मे महिन्यात पारा 44 च्या पुढं गेला की होस्टेलच्या गच्चीवर चादर भिजवून झोपणारे आपण. आपल्या जिल्ह्यात डोंगर बघायचा तर जिंतूरच्या बाजूला जायचं, तेही डोंगर उन्हाळ्यात पिवळे पडलेले. अशा ठिकाणी बसून मी बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या रिसॉर्टवर, म्हणजे स्कीइंगवर लिहितोय म्हटल्यावर काहीजण हसतील. हसा! पण आपल्या सिव्हिलच्या वर्गातली निम्मी पोरं उद्या पुण्या-साताऱ्याकडंच नोकरीला जाणार आहेत, आणि डोंगरावर जे काही उभं राहणार त्याच्या नकाशावर सही करायला आपल्यापैकीच कोणीतरी असणार आहे. म्हणून हा विषय आपलाच आहे.

सुरुवात खऱ्या बर्फापासून करू. उत्तराखंडातले औली हे आपल्या देशातले स्कीइंगचे नावाजलेले ठिकाण. 2011 च्या जानेवारीत तिथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. बर्फाचा भरवसा नाही, म्हणून डोंगरावर कृत्रिम तळे बांधले आणि बर्फ तयार करणारी यंत्रे आणली. आता जरा आपले नेहमीचे गणित करू. एक हेक्टर उतारावर 30 सेंटिमीटर बर्फ पसरायचा म्हणजे 3,000 घनमीटर बर्फ. यंत्राच्या बर्फाची घनता अगदी कमी धरली, घनमीटरला 400 किलो, तरी पाणी लागते 12 लाख लिटर. म्हणजे 10 हजार लिटरचे 120 टँकर! 2016 साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तिच्या पहिल्या फेरीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. तशा दोन गाड्यांनीही एक हेक्टर उतार पांढरा होणार नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

औलीला जायचे तर खालच्या जोशीमठावरून. हॉटेलं, दुकानं, गाड्या, सगळा भार त्या गावावर. बद्रीनाथची यात्रा तिथूनच, लष्कराची ये-जा तिथूनच, आणि जवळच जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याचे काम. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेले आहे, इथे जड बांधकाम करू नका, उतारावरचे मोठे दगड खणून वा सुरुंग लावून काढू नका, झाडे तोडू नका, पाण्याचा निचरा नीट करा, असे मिश्रा समितीने 1976 सालीच सांगून ठेवले होते. 2023 च्या जानेवारीत जोशीमठ खचू लागले. आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. एकमेकांवर कललेली दोन हॉटेलं पाडावी लागली. जोशीमठ ते औली हा रोपवेही तेव्हा बंद करावा लागला. हे फक्त पर्यटनामुळे झाले असे मी म्हणणार नाही, कारणे अनेक आहेत. पण अहवाल तर 47 वर्षं आधी आला होता ना? मग तो कोणी वाचला?

आता तुम्ही म्हणाल, ते हिमालयाचं झालं, आपला सह्याद्री पक्क्या काळ्या दगडाचा. बरं, मग सह्याद्रीत येऊ.

आपल्याकडे बर्फ नाही, पण डोंगरावर युरोप उभा करायची हौस आपल्यालाही आहेच. मुळशी तालुक्यातले लवासा सगळ्यांना माहीत आहे, निदान फोटोतून तरी! इटलीतल्या पोर्तोफिनो गावाचा नमुना समोर ठेवून, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी रंगीबेरंगी घरं उभी राहिली. राज्य सरकारने खासगी थंड हवेच्या ठिकाणांसाठी 1996 साली नियम केले आणि 2001 साली मोसे खोऱ्यातली 18 गावे त्यासाठी अधिसूचित केली. 2004 साली राज्याची पर्यावरण परवानगी घेऊन काम सुरू झाले. पुढे 2010 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस काढून काम थांबवले. केंद्राची परवानगी घेतलेली नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे. राज्याची पुरेशी आहे, असे कंपनीचे म्हणणे. वादाचा एक मुद्दा काय होता माहीत आहे? बांधकाम समुद्रसपाटीपासून 1,000 मीटरच्या वर आहे की खाली!

सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला उन्हात स्टाफ धरून उभं राहताना आपण कुरकुर करतो, की हे कंटूर काढून काय दिवे लावणार? घ्या, एका कंटूर रेषेवर हजारो कोटींचा प्रकल्प अडला! आणि ही रेषा पहिल्या दिवशी कागदावर यायला हवी होती. तिच्यावरून भांडण झालं ते घरं विकली गेल्यावर. वर्षभराने, 2011 च्या नोव्हेंबरमध्ये, पहिल्या टप्प्याच्या 2,000 हेक्टरला अटी घालून परवानगी मिळाली. पण तोवर कर्जाचा गाडा रुतलेला. 2018 च्या ऑगस्टमध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर बुक केले ते वर्षानुवर्षे वाट बघत राहिले. ज्या कातकरी, धनगर आणि शेतकरी कुटुंबांच्या जमिनीवरून तंटे झाले ते कोर्टकचेरीत अडकले. 2024 च्या जुलैमध्ये मुसळधार पावसात तिथल्या बंगल्यांवर दरड कोसळली.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपल्याकडे क्रम उलटा आहे. आधी डोंगर विकायचा, मग बांधायचा, मग परवानगी, आणि मोजायचा सगळ्यात शेवटी.

उताराचे शास्त्र आपल्याला शिकवतातच. फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे उतार धरून ठेवणारी ताकद भागिले त्याला खाली ओढणारी ताकद. डोंगरावर रिसॉर्ट काढताना आपण काय करतो? रस्त्यासाठी उताराचा पायथा कापतो. वर इमारतींचं ओझं ठेवतो. शोषखड्ड्यांचं, बागांचं, तुंबलेल्या नाल्यांचं पाणी आत मुरवतो, त्यानं मातीतला पाण्याचा दाब वाढतो. तिन्ही गोष्टी फॅक्टर कमीच करतात. परीक्षेत हे उदाहरण आलं तर आपण दहापैकी आठ मार्क घेतो. साइटवर आलं तर? तिथं साहेब म्हणतात, “करून टाका, पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे.”

मग डोंगरातल्या लोकांनी गरीबच राहायचं का, असा प्रश्न कोणीही विचारेल, आणि तो योग्यच आहे. औलीतल्या गाइडचं, चहावाल्याचं, खोल्या भाड्याने देणाऱ्याचं पोट त्या बर्फावरच आहे. लवासात रस्ते झाले, कामं मिळाली, हेही खरं. घरी बसून “निसर्ग वाचवा” म्हणणं सोपं आहे, डोंगरातल्या पोराला शहरात वॉचमन म्हणून जावं लागतं तेव्हा कळतं. विकास नको असं मी म्हणत नाही. पण ज्याचा डोंगर आहे त्याला आधी विचारा. कुलू-मनालीला हेन्री फोर्ड यांचे पणतू आल्फ्रेड फोर्ड मोठे स्की व्हिलेज काढणार होते. तेव्हा 2006 साली नग्गरला देवतांची जगती भरली, म्हणजे खोऱ्यातल्या गावांचे देव एकत्र आणून त्यांचा कौल घेतला गेला. कौल विरोधात आला. पाणी, कुरणं आणि देवस्थानं जातील ही लोकांची भीती होती. तो प्रकल्प काही उभा राहिला नाही. आपण विज्ञानवाले, कौल मानू नका हवं तर. पण पाण्याचा आणि कुरणांचा प्रश्न तिथं काम सुरू व्हायच्या आधी विचारला गेला, हे तरी मान्य कराल?

हे सगळं जुनं उकरून का काढतोय? कारण पुढचा नकाशा तयार होतोय. साताऱ्यात कोयनेच्या पाण्याभोवती नवीन महाबळेश्वर प्रकल्पाचे नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे दिले आहे. त्यातल्या 235 गावांचा प्रारूप आराखडा 2024 मध्ये लोकांच्या हरकतींसाठी पुढे आला. यात पाटण तालुक्यातला भाग आहे. त्याच तालुक्यात 2021 च्या जुलैमध्ये आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली. तिथेच 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप. पक्क्या काळ्या दगडाचं म्हणाल, तर माळीण आणि इर्शाळवाडी याच सह्याद्रीत आहेत. दगड पक्का असेल, पण वरची माती पक्की नाही. आणि 1993 ला किल्लारी बघितलेल्या मराठवाड्याला, “इथं काही होत नाही” या वाक्याची किंमत चांगलीच माहीत आहे.

सुदैवानं इथं अजून आराखड्याचीच वेळ आहे. प्रत्येक उताराची मोजणी, पावसाळ्यातली पाण्याची पातळी, उन्हाळ्यात गावाला किती पाणी लागतं आणि पाहुण्यांना किती उरतं, हे सगळं आत्ता मोजता येतं. खर्च इमारतींच्या मानानं किरकोळ. नंतर मोजायला फार महाग पडतं.

सरांनाही एक विनंती. फायनल इयरच्या प्रोजेक्टला तेच ते बहुमजली इमारतीचं डिझाइन देण्यापेक्षा एखाद्या गटाला एक उतार द्या. जिंतूरकडचा दिला तरी चालेल. मोजून येऊ द्या पोरांना. आणि उत्तर “इथे बांधू नये” असं आलं, तरी पूर्ण मार्क द्या. “नाही” हे उत्तरसुद्धा इंजिनिअरचंच असतं, हे कॉलेजात शिकलो नाही तर साइटवर कोण शिकवणार?