झोपेत दात खाणे आणि विषाची सुई

आमच्या लहानपणी घरातील एखादे मूल झोपेत करकर दात खाऊ लागले म्हणजे वडील मंडळी निदान करून मोकळी होत : पोटात जंत झाले! दुसऱ्या दिवशी सकाळी वावडिंगाचा काढा पुढे येई आणि प्रकरण तेथेच मिटे. दात खाणे हा स्वतंत्र विकार असू शकतो, आणि जंतांशी त्याचा बहुधा काहीएक संबंध नसतो, हे आम्हांस उतारवयात, तेही स्वतःच्याच घरात, शिकावे लागले.

हकीकत अशी. आमची धाकटी सून पुण्यास एका बँकेत नोकरीस आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिची कानशिले दुखू लागली. सकाळी उठावे तो जबडा जड, आणि भाकरी चावताना कानापुढे कळ. कानाच्या डॉक्टरांनी कान निर्दोष ठरविला. डोकेदुखीच्या गोळ्या झाल्या. आम्ही मात्र ‘मनुष्याने नोकरीतील गोष्टी इतक्या मनास लावून घेऊ नयेत’ असा उपदेश करीत राहिलो. उपदेशास पैसे पडत नाहीत! एके दिवशी जेवताना तिने भाकरी बाजूस सारली व मुकाट्याने ताकभात कालवून घेतला. तिचे डोळे भरून आलेले आमच्या घरच्या मंडळींनी पाहिले. त्यांनी आम्हांस आत बोलावून एवढेच म्हटले, “आता तुमचा उपदेश पुरे. तिला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन चला.”

डॉक्टरांनी तिच्या दाढा पाहिल्या, तो त्यांचे उंचवटे झिजून सपाट झालेले. गालांवर बोटे दाबून त्यांनी तिला दात आवळावयास सांगितले, तेव्हा दोन्ही गालांत सुपारीएवढी गाठ टरारून वर आली. ही गाठ म्हणजे चावण्याचा मुख्य स्नायू. त्यास इंग्रजीत मॅसेटर म्हणतात. गालाच्या हाडापासून निघून तो खालच्या जबड्याच्या कोनास चिकटतो. त्याचा जोडीदार कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. म्हणूनच जबडा दुखतो आणि मनुष्य ‘डोके दुखते’ म्हणतो. जेवण सोडले तर एरवी वरचे व खालचे दात एकमेकांस टेकावेत असे निसर्गाने योजिलेलेच नाही. ज्यास ब्रक्सिझम जडला तो मात्र झोपेत दात घासतो, किंवा जागेपणी काम करताना नकळत आवळून धरतो. मनावरील ताण, अतिरिक्त चहा-कॉफी, धूम्रपान, मद्य, खिन्नतेवरील काही औषधे, झोपेत श्वास अडणे, अशी याची अनेक कारणे सांगतात. सूनबाईस ते सर्व विचारण्यात आले, घोरण्याचा प्रश्नसुद्धा.

प्रथम साधे उपाय झाले. रात्री दातांवर बसविण्याचे नाइट गार्ड, गरम शेक, जबड्याचे हलके व्यायाम, काही दिवस मऊ अन्न. नाइट गार्ड दातांची झीज वाचविते. परंतु स्नायूचे आवळणे त्याने थांबेलच असे नाही. तीन महिन्यांनी दात सुरक्षित होते, वेदना मात्र अर्धीच उतरली होती. तेव्हा डॉक्टरांनी स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनांची गोष्ट काढली. औषधाचे नाव बॉट्युलिनम टॉक्सिन. लोक त्यास बोटॉक्स या व्यापारी नावाने ओळखतात.

‘टॉक्सिन’ म्हणजे विष, एवढे इंग्रजी आम्हांस येते. “पैसे देऊन विष टोचून घ्यावयाचे?” असे म्हणून आम्ही घरात पूतनेचे आख्यान लावले. सून काही बोलली नाही. परंतु ज्या विषयाचे ज्ञान नाही त्यावर व्याख्यान देऊ नये, हे आम्ही मुलांस जन्मभर शिकविले असल्यामुळे रात्री आमचे आम्हांसच लाज वाटली, आणि आम्ही वाचावयास बसलो.

ही कथा मोठी विलक्षण आहे. जर्मनीतील वुर्टेंबर्ग प्रांतात बिघडलेले सॉसेज खाऊन माणसे लुळी पडत व श्वास बंद होऊन मरत. युस्टिनुस केर्नर नावाच्या वैद्याने, जो कवीही होता, 1820 व 1822 साली याचे बारकाईने वर्णन केले, ते विष स्वतःवरही अजमावून पाहिले, आणि अल्प प्रमाणात हेच द्रव्य औषध ठरेल असे भाकीत केले. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोटुलुस’ म्हणतात, त्यावरून रोगाचे नाव पडले. पुढे 1895 साली बेल्जियममधील एका खेड्यात अंत्यविधीस आलेले वादक मांस खाऊन आजारी पडले, काही दगावले. व्हॅन एर्मेंगेम यांनी त्या मांसातून रोगाचा जंतू वेगळा केला. वाचकहो, आमच्या वडील मंडळींचे जंत नव्हेत. तरी शेवटी जंतूच निघाला, याची गंमत वाटते!

हे विष करते काय? मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते व त्यायोगे स्नायूस ‘आखड’ अशी आज्ञा पोचते. विष ते द्रव्य सुटूच देत नाही. आज्ञा पोचली नाही म्हणजे स्नायू सैल. या जंतूचाच एक सगोत्र जंतू धनुर्वाताचे विष निर्माण करितो. त्याचे काम नेमके उलट : तो स्नायूंचा आवर काढून घेतो आणि जबडा घट्ट मिटतो. आपल्या वैद्यकातील ‘हनुग्रह’ ऐकलेल्यांस याची कल्पना येईल. एकाच कुळातील एक भाऊ दातखीळ बसवितो, दुसरा ती सोडवितो! सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनी माकडांवरील प्रयोग 1973 साली आणि तिरळ्या डोळ्यांच्या रुग्णांवरील अनुभव 1980 साली प्रसिद्ध केला; 1989 साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांचे आकुंचन यांसाठी त्यास मान्यता दिली, आणि 2010 साली जुनाट अर्धशिशीसाठी. विष व औषध यांतील भेद द्रव्यात नसून योजनेत असतो, हा चरकाचार्यांचा विचार आम्ही पाठ केला होता. तो समजला मात्र आता.

परंतु नाण्याची दुसरी बाजू सांगणे अगत्याचे आहे. जबड्याच्या दुखण्यासाठी या औषधास त्या प्रशासनाची स्वतंत्र मान्यता नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर ते वापरतात. कित्येकांस चांगला आराम पडतो, परंतु संशोधकांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. गुण कायमचाही नाही. काही दिवसांनी परिणाम दिसू लागतो, तीन-चार महिन्यांनी मज्जातंतू पुन्हा आपले काम सुरू करितात. चावण्याची शक्ती घटते, हसू एका बाजूस झुकू शकते, क्वचित गिळण्यास त्रास होतो. वारंवार घेतल्यास जबड्याचे हाड क्षीण होते की काय, अशीही शंका अभ्यासकांनी घेतली आहे. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, तसेच मायस्थेनियासारख्या स्नायुदौर्बल्याचे रोगी यांस हे औषध वर्ज्य समजतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या औषधांचे ‘युनिट’ सारखे नसतात. तेव्हा हे काम जाणत्या हाताचेच.

हे सांगण्याचे कारण असे की, दुसरे मत घेण्यास सूनबाई एका ठिकाणी गेली. तेथे तोंड उघडून पाहण्यापूर्वीच दर सांगण्यात आला, आणि शिवाय ‘चेहरा निमुळता दिसेल’ हे आमिष! ती उठून परत आली. आमच्या मनात तिच्याविषयीचा आदर त्या दिवशी वाढला.

निर्णय तिने स्वतः घेतला. कागदावर दोन रकाने आखून लाभ-हानी लिहिली, आमच्या चिरंजीवांस दाखविली, आणि आपल्या पहिल्याच डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही गालांत इंजेक्शने घेतली. दहा मिनिटांचे काम. पहिले चार दिवस काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळचा जडपणा गेला. गुळाची वडी चावताना जबडा लवकर थकू लागला, पण भाकरी पुन्हा ताटात आली. सुमारे साडेतीन महिन्यांनी वेदना परतली, पूर्वीपेक्षा सौम्य. दुसऱ्या इंजेक्शनाची तिने घाई केलेली नाही. नाइट गार्ड, शेक, रात्रीची कॉफी बंद, आणि दिवसा जबड्यावर लक्ष, एवढ्यावर सध्या निभावते आहे. पुढे लागल्यास पाहू, असे ती म्हणते.

एक सूचना मात्र विसरू नये. जबडा अकस्मात दुखू लागला आणि त्याबरोबर छातीत दाब, घाम वा धाप असेल, तर ते दातांचे नव्हे, हृदयाचे दुखणे असू शकते. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

परवा सकाळी आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. सूनबाई चहा ठेवून थांबली व म्हणाली, “बाबा, रागावू नका. आत्ता तुमचे दात कुठे आहेत?” आम्ही चमकलो. वरचे दात खालच्या दातांवर असे घट्ट बसले होते की, सोडविताना कानशिले ठणकली. “ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे हलकी टेकलेली,” तिने धडा दिला. साठ वर्षांच्या विद्यार्थ्याने तो मुकाट्याने गिरविला. आता दिवसातून चार-पाचदा आम्ही तो आठवतो. आणि प्रत्येक वेळी, सांगावयास संकोच वाटतो, दात एकमेकांवरच सापडतात.