तीन मात्रांचा पाळणा

गेल्या नवरात्रात आईला घेऊन सुरतेला बहिणीकडे जाणं झालं. सुरतेचा उधना-लिंबायत भाग म्हणजे छोटं खानदेशच. बाजारात अहिराणी सहज कानावर पडते. बहिणीच्या घरात मात्र गुजराती आणि हिंदीच जास्त. नववीतल्या भाचीला मराठी समजतं, पण बोलताना ती अडखळते. आजीला 'अज्जी' म्हणते, तेवढंच काय ते तिचं कन्नड!

सध्या तिला युकुलेलीचं वेड आहे. चार तारांचं, मांडीत मावणारं हे वाद्य. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाईत उसाच्या मळ्यांत कामाला गेलेल्या लोकांनी आपली छोटी गिटार सोबत नेली, तिचंच हे रूप.

"अज्जी, तू गा, मी वाजवते," भाची म्हणाली. आईनं जोगुळ, म्हणजे कन्नड पाळणा, धरला. भाचीचा हात सवयीनं चारच्या ठेक्यावर. दोन ओळींतच आई थांबली. "मला नाही बाई जमत या वाद्याबरोबर." पोरीचा चेहरा उतरला.

तेवढ्यात खाली गरबा सुरू झाला. ठेका हींचचा, सहा मात्रांचा. आई मांडीवर थाप देत म्हणाली, "हे बघ, माझा पाळणा असा झुलतो."

"अज्जी, ये तो वॉल्ट्झ है!" भाची ओरडलीच.

तिचंही खरंच होतं. युरोपातल्या वॉल्ट्झमध्ये तीन ठोके, पहिला जोरकस, पुढचे दोन हलके. आपला दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. चौथ्या मात्रेला खाली येते, हा फरक. पण झोका तीन-तीनचाच. मग भाचीनं पहिल्या ठोक्याला अंगठ्यानं एकच तार छेडली, पुढच्या दोन्हींना बोटांनी सगळ्या तारा हलकेच. सारखे कॉर्ड बदलणंही सोडलं. अज्जी श्वास घेईल तिथं तीही थांबू लागली.

गाणं पुरं झालं, तेव्हा भाचीनं वही आणली. एकेका शब्दाचा अर्थ विचारत तिनं सगळा पाळणा देवनागरीत लिहून घेतला. आईच्या पश्चात तो कुणाला येणार, ही काळजी मी मनात कधीची बाळगून होते.

तुमच्याही घरी असा एखादा पाळणा असेल. या सुट्टीत मुलांना म्हणून दाखवा. आधी नुसती टाळी धरा. वाद्य मग कुठलंही चालेल.