लिंबो कोणाच्या नावाने?

बाप्तिस्म्याविना दगावलेल्या बालकाच्या आईला ‘ते लिंबोत गेले’ असे सांगणारे लोक अजून आपल्यात आहेत. ते हे ख्रिस्तसभेच्या नावाने सांगतात, हा माझा आक्षेप आहे. लिंबो हा आपला श्रद्धासिद्धांत कधीच नव्हता. अशा बालकांनाही शिक्षा होते, मात्र ती अत्यंत सौम्य असते, असे संत ऑगस्टीन यांचे मत होते. ते मध्ययुगीन पंडितांना पचेना. म्हणून त्यांनी यातनाही नाहीत आणि देवदर्शनही नाही, असा एक मधला मुक्काम कल्पिला. तर्काला तो पटला. मातेला कसा पटावा?

ह्या समजुतीची किंमत आयर्लंडमध्ये डोळ्यांनी पाहता येते. शेताच्या बांधांवर, समुद्रकाठी, ओसाड मठांच्या आवारात अशा बालकांच्या नाव नसलेल्या कबरी आहेत. पवित्र भूमीत त्यांना जागा नव्हती. घरातला पुरुष बहुधा रात्रीच जाऊन पुरून येई. विसाव्या शतकातही हे चालले. १९१७च्या कॅनन कायद्यानेच त्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता, हेही लपवण्याचे कारण नाही.

परंतु १९८३च्या कायद्याने तो दरवाजा उघडला. आईबापांचा बाप्तिस्मा देण्याचा मानस असेल, तर महागुरूंच्या अनुमतीने बालकाचा अंत्यविधी होऊ शकतो (कलम ११८३). १९९२च्या श्रद्धाग्रंथात लिंबोचा उल्लेखही नाही; तेथे ही बालके देवाच्या करुणेवर सोपवली आहेत. २००७ साली ईशज्ञान आयोगाने, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने, त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार असल्याचे म्हटले. आशा म्हटले, खात्री नव्हे. तेवढा फरक मी मानतो.

‘मग बाप्तिस्मा हवाच कशाला?’ हा प्रश्न ज्या घरांतून येतो, तेथेच आखातातल्या मामाच्या सुट्टीसाठी आणि हॉलच्या तारखेसाठी बाप्तिस्मा चार-चार महिने लांबतो! कायदा पहिल्या काही आठवड्यांत म्हणतो. जीव धोक्यात असेल तर विनाविलंब. तेव्हा इस्पितळातली परिचारिकाही योग्य हेतूने तो देऊ शकते. ही ख्रिस्ताने घालून दिलेली वाट आहे, ती आपण टाळायची नाही. म्हणून देवाचे हात साक्रामेंतांनी बांधले जात नाहीत. हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा कोठे बाप्तिस्मा झाला होता? २८ डिसेंबरला आपण त्यांना संत मानून त्यांचा सण पाळतोच ना?

तेव्हा असा प्रसंग घरात आला, तर बालकाला गुपचूप पुरण्याची घाई करू नये. आधी फादरांकडे जावे आणि कलम ११८३ प्रमाणे विधी मागावा.