साठी आली म्हणून बुद्धी जाते का?

‘साठी बुद्धी नाठी’ असं आपण हसत म्हणतो. पण घरातला म्हातारा जेवून उठला आणि पुन्हा ताट मागू लागला, मळ्याची वाट चुकला, की हसू मावळतं. हा नुसता वयाचा दोष नव्हे. मेंदूचा आजार आहे.

दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात त्सिमाने नावाचे आदिवासी राहतात. भात, भाजीची केळी आणि साबुदाण्याचा कंद पिकवतात, नदीत मासे धरतात, शिकार करतात. दिवसाला १६-१७ हजार पावलं चालतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्या साठीपुढच्या १०० माणसांत जेमतेम एकाला हा आजार आढळला.

पण नुसतं आदिवासी असून भागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात २००८ च्या पाहणीत पंचेचाळिशीपुढच्या १०० आदिवासींत १२ जण आजारी निघाले. धूम्रपान, पक्षाघात, डोक्याला मार यांचा त्याच्याशी संबंध दिसला.

तेव्हा रक्तदाब आणि साखर वेळेवर तपासून घ्या. विडी-तंबाखू सोडा. ऐकू कमी येत असेल तर कान दाखवा. मोटारसायकलवर हेल्मेट घाला.

आणि मायबहिणींनो, सासऱ्यांना ‘तुम्ही बसा’ म्हणून खाटेला खिळवू नका. बी निवडणं, शेळी चारणं, नातवंडांना गोष्टी सांगणं त्यांच्याकडेच राहू द्या. विसर वाढलाच, तर देवऋष्याकडे नव्हे, डॉक्टरांकडे न्या. ज्यांनी आपल्याला वाट दाखवली, त्यांची वाट चुकू देऊ नका.