बुडत्या सूर्याला फ्रेमचा आधार

भाच्याच्या कॉलेजात 'सागर' नावाचं छायाचित्र-प्रदर्शन भरलं. फोटो चाळीस, त्यांत सूर्यास्त एकतीस! एकच चेक कुणी एकतीसदा वटवायला आणला तर आम्ही पोलीस बोलावतो. इथे बक्षीस देतात.

वर काच चकचकीत, समोर ट्यूबलाइट. निम्म्या फ्रेमांत सूर्य बुडण्याऐवजी माझंच टक्कल उगवत होतं. अहो, काच काढा, फोटो डोळ्यांच्या रेषेत टांगा!

भाच्यानं वर्सोव्याला बांबूंवर बोंबील वाळत घालणारी कोळीण टिपली होती. ती 'सौंदर्यदृष्टी नाही' म्हणून परत आली. म्हणजे समुद्र हवा, पण त्यावर पोट असलेलं माणूस नको!

मार्टिन पार या इंग्रजानं १९८३ ते १९८५ दरम्यान लिव्हरपूलजवळच्या न्यू ब्रायटनला कचरा, गर्दी, आइस्क्रीमनं बरबटलेली पोरं टिपली. १९८६ साली त्याचं 'द लास्ट रिसॉर्ट' हे पुस्तक निघालं. काही लोक चिडले; पण फोटो टिकले.

पोरांनो, सूर्य उद्याही बुडेल, याची हमी मी देतो. ती कोळीण आणि ते बांबू उद्या तिथं असतीलच, ही हमी कुठलीच बँक देणार नाही. आधी तिला टिपा.