चेहऱ्याची मोहोर
कापडबाजारातील चाटी गल्लीत चादरीचा भाव करताना ज्या चेहऱ्यावर गरज दिसू द्यायची नसते, तोच चेहरा सौदा ठरताच मोबाईलपुढे धरून रक्कम चुकती करण्याची मुभा ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआयच्या ग्राहकांस दिली. आणि त्या योजनेत मुखाची खूण फोनमध्येच राहत असल्याने ही सोय कबूल करण्यास माझी हरकत नाही. परंतु चीनमधील हांगझोऊ येथे २०१७ साली अलीपे या देयक कंपनीने केएफसीच्या उपाहारगृहात चेहरा दाखवून पैसे चुकते करण्याची जी रीत सुरू केली, तीत कॅमेरा दुकानातला आणि चेहऱ्यांचे दप्तर कंपनीचे. ती रीत आपल्या पेठेत आली, तर खरेदी न करता नुसते डोकावणारेही त्या दप्तरी दाखल होतील, ही धास्ती अनाठायी नव्हे, कारण फुटलेला पिन बदलता येतो, चेहरा बदलून मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणास मूलभूत हक्काचा दर्जा दिलेलाच आहे; तेव्हा दुकानदाराने कॅमेरा पुढे केल्यास छबी कोठे व किती दिवस राहणार हे आधी विचारावे, आणि समाधानकारक जबाब न मिळाल्यास खुशाल रोकड मोजावी.